टाळूची खिडकी

तुम्ही डोळ्यांनी पाहता, त्यासाठी तुम्हाला उजेड लागतो. मी आवाजाने पाहते. तो आवाज इतका बारीक असतो की तो कुत्र्याच्या कानालाही ऐकू येत नाही. मी तो शरीरात सोडते, आत आदळून तो परत येतो आणि त्या पडसादांवरून मी पडद्यावर चित्र काढते. मित्रांनो, मी सोनोग्राफीचे एक जुने यंत्र आहे. नारीन नदीच्या काठी एका गावातल्या रुग्णालयात, लहान मुलांच्या विभागात मी एकोणीस वर्षे काम केले. यंत्राला भीती नसते असे लोकांना वाटते. मला मात्र नोकरीच्या दुसऱ्या वर्षापासून भीती वाटत आली आहे. कशाची, ते सांगते.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथून आगगाडीने आणि मग ट्रकने मी घाट चढून इथे आले. घाटात बर्फ होते आणि रस्ता खड्ड्यांचा होता. ट्रकच्या ड्रायव्हरने मला आपल्या घरच्या नमद्यात, लोकरीच्या जाड अंथरुणात, गुंडाळले होते. 'काच आहे आत, लेकरासारखं न्यायचं,' असे तो वाटेत भेटेल त्याला सांगत होता. पोहोचले तेव्हा माझ्या कळांवरची अक्षरे इथे कोणालाच वाचता येईनात. तेव्हा एका परिचारिकेने चिकटपट्टीचे तुकडे कापून त्यांवर इथल्या अक्षरांत नावे लिहिली आणि कळांवर चिकटवली. त्या पट्ट्या अजूनही माझ्या अंगावर आहेत.

सुरुवातीची कामे सोपी होती. दुखणारी पोटे, सुजलेली मूत्रपिंडे, निसटलेले खुबे. पण माझे सर्वांत नाजूक काम म्हणजे नवजात बाळाचा मेंदू पाहणे. बाळाच्या डोक्यावर मधोमध एक मऊ जागा असते. तुमच्याकडे तिथे तेल घालतात. तीच टाळू. तिथली हाडे अजून जुळलेली नसतात, म्हणून माझा आवाज आत जाऊ शकतो. माझ्या वायरच्या टोकाला मुठीत मावेल असा एक प्रोब आहे. तो जेल लावून टाळूवर हलकेच टेकवला की मेंदू मला दिसू लागतो. बाळाला दुखत नाही, झोपवावे लागत नाही, आईच्या मांडीवरही हे होते. पण ही खिडकी फार दिवस उघडी राहत नाही. वर्ष-दीड वर्षात टाळू भरते आणि मग मी बाहेरच राहते.

हे न समजल्यामुळे काय होते, ते मी दुसऱ्या वर्षी पाहिले.

मेंढ्या डोंगरावरून खाली उतरल्या होत्या, थंडी सुरू होत होती. बेकझात नावाचा पाच वर्षांचा मुलगा घोड्यावरून पडला. त्याला दोनदा उलटी झाली होती आणि तो सारखा पेंगत होता. आमच्याकडे तेव्हा दुसरे यंत्र नव्हते. त्या वेळच्या मोठ्या डॉक्टरांनी माझा प्रोब त्याच्या डोक्यावर टेकवला. हाडाने माझा आवाज उंबऱ्यावरूनच परत पाठवला. पडद्यावर नुसते राखाडी धुके उमटले. 'मला काही दिसत नाही' असे मला सांगायचे होते, पण मला चित्र काढता येते, बोलता येत नाही. डॉक्टरांनी धुके पाहिले आणि आत काही नाही असे सांगून मुलाला घरी पाठवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला पुन्हा आणले, तेव्हा त्याचा उजवा हात उचलत नव्हता. त्याला तसेच बिश्केकला, राजधानीला, नेले. कवटीखाली रक्त साचले होते. शस्त्रक्रिया झाली, मुलगा वाचला. पण त्याच्या उजव्या हाताची बोटे पुन्हा कधी नीट मिटली नाहीत. महिन्याभराने त्याचा बाप त्याला दाखवायला घेऊन आला. जाताना त्याने फक्त एकदा माझ्याकडे पाहिले.

पहिल्या तपासणीच्या वेळी मुलाचे पाय धरून उभी होती ती नुकतीच रुजू झालेली डॉक्टर, बुरुलकान. बाप गेल्यावर ती परिचारिकेला म्हणाली, "'दिसलं नाही' आणि 'नाही', ह्या दोन्हींच्या मध्ये एक मूल मावतं."

त्या दिवसापासून माझी भीती सुरू झाली. मला जे दिसत नाही ते कोणी 'नाही' असे तर वाचणार नाही ना, ही ती भीती.

पुढे बुरुलकानच माझी सोबतीण झाली. तिचे केस माझ्यासमोर पांढरे झाले. जेल थंड लागून बाळ दचकू नये म्हणून ती सकाळी आल्या आल्या जेलची बाटली आपल्या कोटाच्या आत काखेत ठेवायची. माझा आवाज ती गरजेपुरताच वाढवायची आणि पाहून झाले की लगेच प्रोब उचलायची. निरुपद्रवी आहे म्हणून उगाच फिरवत बसू नये, असे ती शिकाऊ डॉक्टरांना बजावायची. आणि अहवालात 'काय दिसले' याच्याखाली 'काय दिसू शकले नाही' असे वेगळे लिहायची. तिची ती दुसरी ओळ वाचली की मला जरा श्वास घेता यायचा.

माझ्या दहाव्या वर्षी तळमजल्यावर सीटी स्कॅनचे यंत्र आले. मोठे, पांढरे, मधोमध गोल भोक असलेले. माणसाला भाकरीसारखे आत सरकवतात म्हणून गावाने त्याचे नाव 'तंदूर' ठेवले. मित्रांनो, खरे सांगते, मला त्याचा हेवा वाटला नाही. हाडाच्या आत त्याला मिनिटभरात दिसते. ते आधी आले असते तर बेकझातची बोटे वाचली असती. पण ते क्ष-किरणांनी पाहते. एकदा काढलेल्या सीटीने मूल आजारी पडते असे नाही, तो धोका फार लहान आहे. तरी तान्ह्या बाळाच्या पेशी झपाट्याने वाढत असतात आणि त्याच्यापुढे अख्खे आयुष्य असते. लहान धोका पुन्हा पुन्हा घेतला की तो लहान राहत नाही. म्हणून गरज असेल तेव्हा जरूर, तेही मुलाच्या बेताचे किरण सोडून. सहज म्हणून नाही.

तिसरे यंत्र एमआरआयचे. ते बिश्केकला, घाटापलीकडे, सात तासांवर. त्यात किरण नसतात, चुंबक असते, आणि मेंदू ते सर्वांत स्वच्छ दाखवते. पण त्याच्या पोटात बराच वेळ अजिबात न हलता पडून राहावे लागते आणि ते फार गोंगाट करते. लहान मुलाला त्यासाठी बहुधा झोपेचे औषध द्यावे लागते, आणि त्या औषधाचीही स्वतःची जोखीम असते.

तेव्हा तीन यंत्रे, आणि प्रत्येकाची काही ना काही किंमत. त्यांतले कोणते निवडायचे हा प्रश्न सेझिमच्या वेळी आमच्यासमोर उभा राहिला.

सेझिम ही आयझादाची पहिली मुलगी. हिवाळा सरता सरता जन्मली, दोन महिने आधी, जेमतेम दीड किलोची. आयझादा गावच्या शाळेत गणित शिकवायची. तिचा नवरा कुबात मेंढपाळ. सेझिम जन्मल्यावर आठवडाभर राहून तो कळपाकडे परत गेला होता, आणि तो असायचा तिथे फोन लागत नसे. म्हणून प्रत्येक वेळी आयझादाबरोबर तिची सासू, उल्कान आपा, यायची.

चौथ्या दिवशी बुरुलकानने माझा प्रोब त्या इवल्याशा टाळूवर ठेवला. मेंदूच्या मधोमध पाण्याच्या पोकळ्या असतात. त्यांतल्या एकीच्या कडेला मला एक पांढरा ठिपका दिसला. रक्त. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांत असे होते, पुष्कळदा ते आपोआप विरघळते. कधी मात्र पाण्याची वाट तुंबते, पोकळ्या फुगत जातात आणि मेंदूवर दाब येतो. काय होईल हे कोणालाच आधी सांगता येत नाही. पाहत राहावे लागते. दर आठवड्याला.

आणि नेमके त्याच वर्षी माझे डोळे अधू होऊ लागले होते. प्रोबमधले काही बारीक स्फटिक मेले होते. पडद्यावर वरपासून खालपर्यंत एक काळा पट्टा उमटायचा. पट्ट्यामागे काय आहे ते मला कळत नव्हते. प्रोब जरा वळवला की ती जागा दिसायची आणि दुसरी झाकली जायची. दर मंगळवारी सेझिम यायची आणि दर मंगळवारी मी घाबरायचे, आज पट्ट्यामागे काही राहून गेले तर?

उल्कान आपाने पहिल्याच दिवशी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले होते. "हे यंत्र? हे तर माझ्या नवऱ्याच्या रेडिओपेक्षा म्हातारं दिसतंय. त्यालाही थापट मारल्याशिवाय आवाज येत नसे." शेजारणीच्या नातवाचे तंदुरात घालून फोटो काढले होते, मग आमच्याच नातीला हा जुना डबा का, असे तिचे म्हणणे होते. बुरुलकान हसली आणि म्हणाली की आपा, थापट मारू नका, बाकी काय हवे ते बोला.

आपापेक्षा मला तिलेकची धास्ती जास्त होती. तिलेक हा बिश्केकहून शिकून आलेला तरुण डॉक्टर. हुशार, उतावळा, मनाने चांगला. तो माझ्या पडद्यासमोर उभा राहून डोळे बारीक करायचा.

"एजे, ह्यात मला बर्फाचं वादळ दिसतं, मेंदू दिसत नाही."

वडील बहिणीला इथे एजे म्हणतात, वयस्क बाईला आपा. तो तिला आदराने तसेच हाक मारायचा, आणि चिडवतानाही तसेच.

"तुझा बाप वादळात मेंढ्या मोजतोच ना?" बुरुलकान म्हणायची.

मेंढ्या मोजणे वेगळे, असे त्याचे म्हणणे. दर आठवड्याला सीटी काढावे, पाच मिनिटांचे काम, शंका उरणार नाही. बुरुलकानने त्याला विचारले, किती आठवडे? आठ? दहा? दहा वेळा तान्ह्या डोक्यात किरण सोडून तुला जे आकडे मिळणार, ते टाळू उघडी आहे तोवर हे म्हातारे यंत्र फुकट देत असेल तर? तिलेकने वाद सोडला. पण त्याला पटले नव्हते हे मला त्याच्या उभे राहण्यावरून कळले. आणि मला त्याचा राग आला नाही, कारण तो बोलत होता ती माझीच भीती होती.

आठवडे गेले. सेझिमचे वजन वाढले, सहाव्या आठवड्यात ती घरी गेली. पोकळ्या जरा मोठ्या झाल्या होत्या, मग दोन आठवडे तिथेच थांबल्या. नवव्या मंगळवारी त्या पुन्हा थोड्या वाढलेल्या दिसल्या. डोक्याचा घेरही वाढला होता. बुरुलकानने पुढच्या मंगळवारपर्यंत थांबू नका, उलटी झाली किंवा बाळ दूध ओढेनासे झाले तर लगेच या, असे दोनदा सांगितले. आयझादाने मान हलवली.

त्यानंतर पाचव्याच दिवशी, सकाळी दवाखाना उघडता उघडता, दोघी आल्या. सेझिमला पहाटेपासून तीन उलट्या झाल्या होत्या. ती सुस्त होती, हाक मारली की डोळे उघडायची आणि मिटायची. बुरुलकानने टाळूवर बोट ठेवले. एरवी खोलगट मऊ असणारी जागा ताणून वर आली होती.

तिने जेलची बाटली काखेतून काढली. मी पाहू लागले. पोकळ्या खूप फुगल्या होत्या. शंकेला जागाच नव्हती.

"एजे, आता तरी," तिलेक म्हणाला. "खाली सीटी मोकळं आहे."

"काय शोधायचंय?"

"दाब किती वाढला ते."

"ते दिसतंय."

"आणि मागच्या बाजूला नवा रक्तस्राव असला तर? तिथे हे पोचत नाही. आणि पट्ट्यामागे काय आहे? तुम्हीच म्हणता ना, दिसलं नाही म्हणजे नाही असं नाही?"

मित्रांनो, तिलेकचे बरोबर होते. मेंदूचा मागचा, खालचा भाग टाळूपासून लांब असतो. तिथे मला नेहमीच अंधूक दिसते. नवा रक्तस्राव असता तर बिश्केकच्या सात तासांच्या वाटेत बाळाचा श्वास थांबू शकला असता आणि तिला तसेच पाठवणे ही चूक ठरली असती. बेकझातच्या बापाची ती नजर मला आठवली. मला वाटले, मला बाजूला सारा, खालच्या तंदुराकडे न्या, माझ्यावर विसंबू नका.

बुरुलकानने मला बाजूला सारले नाही. तिने सेझिमचे डोके अलगद एका कुशीवर वळवले आणि प्रोब तिच्या कानामागे टेकवला. तिथेही हाडांच्या मध्ये एक बारीकशी फट असते, इतक्या लहान बाळांत ती उघडी असते. टाळू ही मोठी खिडकी, तर ही मागच्या दाराची फट. फार थोड्या जणांना तिथून पाहता येते.

"तू पडद्याकडे बघ," ती तिलेकला म्हणाली. "पट्ट्याकडे बघू नकोस, त्याच्या बाजूला बघ. मी वळवते. जागा दिसली की सांग."

तिने प्रोब तसूभर वळवला. पट्टा सरकला. मी सगळा जीव एकवटून पाहिले. मागच्या बाजूच्या लहान मेंदूची पाकळी, तिच्या मध्ये पाण्याची शेवटची बारीक पोकळी, तिच्या भोवती काळोख. तिलेक एकेक जागा नाव घेऊन सांगत गेला. त्याचा आवाज हळूहळू बदलला. मग दुसऱ्या कानामागून तेच. नवे रक्त कुठेच नव्हते. मागची शेवटची पोकळी अरुंद होती, पुढच्या फुगलेल्या होत्या. म्हणजे वाट मध्ये कुठेतरी तुंबली होती.

"मागचं दिसलं," तिलेक म्हणाला. "दोन्हीकडून. स्वच्छ नाही, पण दिसलं."

उल्कान आपा इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. बिश्केकला न्यावे लागेल हे ऐकताच ती पुढे आली. तंदूर इथे पायाखाली असताना माझ्या नातीला घाटापलीकडे का पाठवता, असे तिने रागाने विचारले.

"आपा, तंदूर काय सांगेल?" बुरुलकान म्हणाली. "सांगेल की बिश्केकला न्या. ते ह्या म्हाताऱ्यानं आत्ताच सांगितलंय. तिथे शस्त्रक्रियेआधी एमआरआय करतीलच, वाट कुठे तुंबलीय ते त्यातच दिसतं. मग इथे मधल्या मध्ये किरण कशाला?"

आयझादाने बाळाला उराशी धरले होते. ती हळू आवाजात म्हणाली, "एजे, तुमची स्वतःची असती तर?"

"तर तुझ्याइतकीच घाबरले असते. म्हणूनच दोन्ही कानांमागून पाहिलं."

मग ती तिलेककडे वळली. गाडीत तोच बरोबर जाणार होता. "वाटेत श्वास अडखळला, डोळे खाली वळले, हाक मारून जागी झाली नाही, तर जवळ जिथे सीटी असेल तिथे गाडी वळव. मला फोन करून विचारत बसू नकोस. तेव्हा किरणांचा विचार करायचा नाही. कळलं?"

तिलेकने मान हलवली. आपाने शेवटचा प्रश्न विचारला, तिथे बाळाला झोपेचे औषध देणार का. बुरुलकान म्हणाली की शक्यतो नाही. एवढ्या लहान बाळाला पोटभर पाजून, घट्ट गुंडाळून, नैसर्गिक झोपेतच यंत्रात ठेवतात. आधी थोडे थोडे पाजून उलटी होत नाही ना ते पाहतील. झोपले तर औषध लागत नाही.

"पाजायचं आणि गुंडाळायचं," आपा म्हणाली. "हे आत्ता शोधलं होय तुमच्या लोकांनी?"

गाडी गेली. माझ्या पडद्यावर सेझिमचे शेवटचे चित्र तसेच राहिले होते. ते बंद करायचे बुरुलकान विसरली, किंवा तिने केले नाही.

त्यानंतरचे दोन दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत लांब दिवस. इतर मुले आली, पोटे पाहिली, खुबे पाहिले. पण प्रत्येक वेळी काळा पट्टा दिसला की मला वाटायचे, त्या दिवशी त्याच्या मागे काही राहिले असेल. घाटात दरड पडल्याची बातमी दुपारी कोणीतरी आणली. ती जुनी निघाली, पण तोवर बुरुलकानचा चहा कपात गार झाला होता. ती दर थोड्या वेळाने येऊन माझ्यातली जुनी चित्रे उघडायची, कानामागची, पुन्हा पुन्हा पाहायची आणि मिटायची. दोघींनाही एकच भीती होती आणि दोघींनाही ती एकमेकींना सांगता येत नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. ती उभ्या उभ्या ऐकत राहिली. मग खुर्चीवर बसली आणि कोटाच्या बाहीने डोळे पुसले.

काय घडले ते मला पंधरा दिवसांनी कळले, जेव्हा सेझिमला तपासायला आणले आणि उल्कान आपाने सगळी हकिगत सांगितली. बिश्केकला पोहोचल्यावर शिरेतून सलाईन लावले, घोटघोट दूध देऊन पाहिले, ते टिकले. एमआरआयच्या दारात त्यांनी बाळाच्या अंगावर धातू आहे का ते तपासले. आपाने दृष्ट लागू नये म्हणून बाळाच्या टोपीला मणी लावला होता. ती म्हणाली, काच आहे, लोखंड नाही. तंत्रज्ञाने मणी उलटा केला. मागे टाचणी होती. आपाने मुकाट्याने टोपीच काढून दिली.

पहिल्या खेपेला सेझिम चार मिनिटांत जागी झाली आणि रडू लागली. चित्रे हलली. आता भूल द्यावी लागेल असे तिथे ठरत होते. तेव्हा आपाने तिलेकला सांगितले की ह्यांना म्हणावे, गुंडाळलंय कोणी हे, पोत्यासारखं? मला एकदा करू द्या. तिलेकने रदबदली केली. तिथल्या डॉक्टरांनी आणखी अर्धा तास दिला. आयझादाने पुन्हा पाजले. आपाने आपल्या हातांनी गुंडाळले, जसे तिने सहा मुलांना पाळण्यात बांधले होते तसे, पण छाती मोकळी ठेवून. कानांवर कापसाचे बोळे आणि टोपणे बसवली. यंत्र पत्र्यावर हातोडे मारावेत तसे वाजत राहिले. एक परिचारिका बाळाच्या श्वासावर नजर ठेवून होती. आपा पायाशी हात ठेवून उभी होती.

"पंचवीस मिनिटं," आपाने बुरुलकानला सांगितले. "हलली नाही. आजोबांवर गेलीय, तेही छप्पर उडालं तरी घोरायचे."

चित्रांत स्पष्ट दिसले की जुन्या रक्ताची गुठळी अरुंद वाटेत अडकली होती. शस्त्रक्रियेत एक बारीक नळी बसवली, साचणारे पाणी पोटात उतरवणारी. तिथल्या शस्त्रवैद्याने माझी चित्रे एमआरआयच्या चित्रांशेजारी ठेवून पाहिली होती. तिलेकने ते बुरुलकानला सांगितले आणि वर म्हणाला की वादळात मेंढ्या बरोबर मोजल्या होत्या. त्यानंतर तो रोज दुपारी तिच्याकडून कानामागची खिडकी शिकू लागला.

सेझिम उशिरा बसू लागली, उशिरा चालली. पण चालली. दीड वर्षाची झाली तेव्हा तिची टाळू भरली होती. बुरुलकानने तिला माझ्याकडे न आणताच घरी पाठवले, आणि तिच्या आईला लिहून दिले की पुढे डोकेदुखी, उलटी, पेंग दिसली तर थेट कुठे जायचे, आणि सगळीकडे आधी काढलेली चित्रे बरोबर न्यायची, म्हणजे तीच तपासणी पुन्हा होणार नाही.

त्यानंतर माझे कौतुक फार झाले. पाहुणे आले की मला दाखवायचे. पण यंत्राचे कौतुक म्हणजे देखभाल नव्हे, मित्रांनो. नवा प्रोब मागवायचा राहून गेला. एका पट्ट्याचे तीन झाले. शेवटी नवे यंत्र आले, पातळ, चकचकीत, आणि मला खोलीच्या कोपऱ्यात ढकलले. माझ्यावर चादर टाकली, चादरीवर फायली, फायलींवर कोणाची तरी हिवाळी टोपी. बुरुलकान निवृत्त झाली. जाण्याच्या दिवशी तिने चादर बाजूला करून पडदा पुसला आणि निघून गेली. आता ह्या विभागाचा प्रमुख तिलेक आहे.

चादरीखाली बसूनही माझी काळजी सुटत नाही. मुले येतच असतात. घाबरलेले आईबाप येतच असतात, आणि घाबरलेल्या माणसाला वाटते, सर्वांत मोठे यंत्र ते सर्वांत चांगले. कोणी वाचलेले असते की किरण वाईट, म्हणून डोक्याला जबर मार लागलेल्या मुलालाही सीटीला नेऊ देत नाही. मला दोघांचीही भीती वाटते.

म्हणून एवढे मागते. माझ्यासारख्या यंत्रांना वेळेवर दुरुस्त करा, म्हणजे आम्ही अर्धवट पाहून कोणाला फसवणार नाही. आणि तुमच्या घरात लहान भाऊ किंवा बहीण असेल, त्यांना कधी तपासणीला न्यावे लागले, तर मोठ्यांना विचारायला सांगा: यातून काय कळणार, कळल्यावर पुढचे काही बदलणार का, आणि याहून सौम्य काही चालेल का. उत्तर 'हेच लागेल, आत्ताच लागेल' असे आले तर मग क्षणभरही थांबू नका.

आज सकाळीच एक तरुण बाप दाराशी आला होता. कडेवर तीन वर्षांची मुलगी, कपाळावर टेंगूळ. पायऱ्यांवरून पडली होती, पण बेशुद्ध झाली नव्हती, उलटी नव्हती, हातातले बिस्कीट खात होती. बाप अडखळत म्हणाला की त्याला अडाणी समजू नये, पण तिला त्या तंदुरात घालायलाच हवे का. बाहेर दहा माणसे खोळंबली होती. तिलेकने स्टूल ओढले, त्याला बसायला लावले, आपणही समोर बसला.

"विचारलंत ते बरं केलंत," तो म्हणाला. "पडली तेव्हापासून सगळं सांगा. सावकाश."